आज्ञा दिली, उत्तर वाचलं का?

(सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



फळ्यावर विषय लिहिला, 'मोबाइलमधलं टर्मिनल', तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आबांनी विचारलं, "सर, टर्मिनल म्हणजे एसटीचं का विमानाचं?" आबा, दोन्हीपैकी नाही. पण एक गोष्ट तिथं आणि इथं सारखी आहे. पाटी वाचली नाही तर माणूस भलत्याच गाडीत बसतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कॉम्प्युटरचं शास्त्र मी शिकलेलो नाही. तेव्हा आज जे बोलणार ते इंजिनिअरचं भाषण नव्हे, ती समीक्षा आहे. पुस्तकाची करतात, नाटकाची करतात, तशी एका वाचनाची समीक्षा. काळ्या पडद्यावर जे उमटतं तो शेवटी मजकूरच असतो. आणि मजकूर म्हटला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे विचारायचा हक्क माझ्यासारख्या मास्तराला पोचतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलवर आपण चित्रावर बोट ठेवतो आणि काम होतं. त्याच्या खाली एक जुना रस्ता आहे. शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, आणि यंत्र शब्दांतच उत्तर देतं. आपली आज्ञा ऐकून घेणारा जो प्रोग्राम असतो त्याला शेल म्हणतात, म्हणजे कवच. हा शब्द लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञानं १९६० च्या दशकात दिला. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं काम सुरू झालं, १९७१ मध्ये केन थॉम्पसन यांचं शेल आलं, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचं, आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेलं बॅश. तुमच्या गावातली पोरं मोबाइलवर वापरतात ते बहुधा हेच बॅश. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे म्हणून हे जमतं. २०१५ पासून टर्मक्स नावाचं एक फुकट ॲप आहे, फ्रेडरिक फॉर्नवॉल यांनी सुरू केलेलं. ते उघडलं की काळा पडदा येतो, डॉलरचं चिन्ह येतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मोबाइल बिघडला.

इतिहास एवढा पुरे.

आधी चांगलं बोलतो, कारण ते मनापासूनचं आहे. ज्या घरात लॅपटॉप नाही त्या घरात मोबाइल हाच कॉम्प्युटर आहे. मेहकर-लोणार रस्त्यावरच्या या गावात बसून एखादा पोरगा आठ-दहा हजारांच्या मोबाइलवर पायथन चालवतो, सी भाषेतला प्रोग्राम तयार करतो, दूरच्या कुठल्या सर्व्हरवर जाऊन तिथल्या फायली पाहतो. हे त्याच्या हातात कोणी दान म्हणून टाकलेलं नाही, अर्ज करावा लागलेला नाही, फी भरावी लागलेली नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि बॅशचे पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. म्हणजे साधन आहे, शिकवणारा आवाज आहे. आमच्या पिढीला हे मिळालं असतं तर? असो.

आता टीका. टीका ॲपवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे.

मी पाहतो ते असं. कमांड कुठून तरी येते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते, व्हिडिओतून येते, मित्र सांगतो. पोरगा ती चिकटवतो, एंटर मारतो, आणि पडद्यावर भराभरा ओळी पळायला लागल्या की खूश होतो. पळणाऱ्या ओळी कोणी वाचत नाही. शेवटी डॉलरचं चिन्ह परत आलं की "झालं सर". काय झालं? "चाललं सर." काय चाललं? आता तो माझ्याकडं असं पाहतो की म्हाताऱ्याला काही कळत नाही. आणि नाही चाललं तर? तर "सर, काहून चालत नाही?" असं मला विचारतो. पडद्यावर कारण लिहिलेलं असतं. इंग्रजीत असतं, मान्य. पण चार-पाच शब्दांचं इंग्रजी असतं, आणि बारावीला त्यानं याहून अवघड इंग्रजी पाठ केलेलं असतं.

तेव्हा अडचण इंग्रजीची आहे असं मला वाटत नाही. उत्तर हे वाचायची गोष्ट आहे, हेच मनात नसतं. आज्ञा दिली की आपलं काम संपलं, असं वाटतं.

मी स्वतः यात पोळलोय, ते सांगतो. एका विद्यार्थ्यानं मला टर्मक्स शिकवलं. मला मौज वाटली. माझ्या एका जुन्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणाच्या दोन फायली मोबाइलमध्ये होत्या, एक जुनी आणि एक दुरुस्त केलेली. नाव बदलण्यासाठी एमव्ही नावाची आज्ञा आहे. आधी जुनं नाव लिहायचं, मग नवं. मी दोन नावं उलटी लिहिली. एंटर दाबलं. यंत्र गप्प. काही म्हणालं नाही, म्हणून मला वाटलं काही झालंच नाही. प्रत्यक्षात दुरुस्त प्रकरणावर जुनं प्रकरण जाऊन बसलं होतं. तीन महिन्यांच्या दुरुस्त्या गेल्या. त्याच आज्ञेला 'आय' हे अक्षर जोडलं असतं तर यंत्रानं आधी विचारलं असतं. मला ते माहीत होतं, फक्त जोडलं नव्हतं. बायको म्हणाली, "तुम्ही घरात कोणी गप्प बसलं तर लगेच विचारता काय झालं म्हणून, इथं नाही विचारलंत?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हे गप्प बसणं यंत्राचा उद्धटपणा नव्हे, त्याला कारण आहे. युनिक्स ज्या काळात घडलं तेव्हा पडदे सर्रास नव्हते. टेलिटाइप नावाची छापयंत्रं असत, कागदावर सेकंदाला दहा अक्षरं या वेगानं खडखड करत छापणारी. त्या यंत्रानं प्रत्येक वेळी "आपलं काम यशस्वीरीत्या पार पडलं आहे" असं छापायचं म्हटलं तर चहा होईल. दुसरं कारण अधिक खोल आहे. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये पाइप आला, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर सरळ दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडात. मोटेचं पाणी पाटात, पाटाचं वाफ्यात. मध्येच कोणी "नमस्कार, मी पाणी आहे" असं बोलायला लागला तर ते बोलणंही वाफ्यात जाईल. म्हणून नियम पडला: सांगण्यासारखं काही नसेल तर बोलू नये. हा नियम मला आवडतो. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना तो लागू करावा असं माझं जुनं मत आहे.

पण यंत्र गप्प असलं तरी आतून एक आकडा ठेवून जातं. काम झालं तर शून्य. नाही झालं तर एक ते दोनशे पंचावन्न यांपैकी काहीतरी. आमच्या पोरांना हे उलटं वाटतं, कारण शाळेत शून्य म्हणजे नापास. पण विचार करा. यश एकाच प्रकारचं असतं, त्याला एक आकडा पुरतो. चुकायचे प्रकार पुष्कळ, त्यांना आकडेही पुष्कळ लागतात. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात अगदी हाच विचार मांडलाय: बरोबर करायची रीत एक, चुकायच्या अनेक. बेल लॅब्जवाल्यांनी तो वाचला होता का, कोण जाणे. वाचला नसेल तर अधिकच कौतुक.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका मुलीची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजला जाते. शेतकऱ्यांच्या नावांची एक लांबलचक यादी आली होती. कसली यादी आणि कोणाची, ते सोडून देऊ. कोणीतरी त्या यादीचा साधा मजकूर करून ग्रुपवर टाकला आणि सोबत एक कमांडही टाकली: "आपलं नाव घाला, एंटर मारा, लगेच कळेल." कमांड ग्रेप नावाची. ग्रेप फाइलीतल्या ओळी चाळतो आणि सांगितलेला शब्द ज्या ओळीत असेल ती ओळ दाखवतो. मुलीनं वडलांचं आडनाव घातलं, एंटर मारलं. पडदा कोरा. ती म्हणाली, "बाबा, तुमचं नाव नाही."

वडलांनी ऐकलं आणि गप्प बसले. कोरा पडदा, कोरा चेहरा. मला हे दोन दिवसांनी कळलं.

आता मी तुम्हाला आमच्या शास्त्रातला एक जुना वाद सांगतो. एखादी वस्तू 'नाही' हे आपल्याला कशानं कळतं? जमिनीवर घट आहे हे डोळ्यांनी कळतं. घट नाही हे कशानं कळतं? नैयायिक म्हणतात, तेही प्रत्यक्षच. कुमारिल भट्ट आणि पुढचे अद्वैती म्हणतात, नाही, त्याला वेगळं प्रमाण लागतं, त्याचं नाव अनुपलब्धी. न दिसणं हेच ज्ञानाचं साधन. एम. ए.च्या वर्गात 'वेदान्तपरिभाषा' शिकवताना मी इथं थांबून विचारायचो: मग अंधारात घट दिसला नाही, तर तो नाही म्हणायचं का? मुलं म्हणायची, नाही सर, अंधारात कसं म्हणणार. बरोबर. म्हणून शास्त्रकारांनी एक शब्द जोडला: योग्य. योग्यानुपलब्धी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून 'नाही' म्हणता येतं. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी पिशाच्चाचं उदाहरण घेतलं. पिशाच्च हा डोळ्यांना दिसणारा पदार्थच नव्हे असं मानलं, तर ते दिसत नाही यावरून ते इथं नाही असं सिद्ध होत नाही. (इथं हसू नका, वडाच्या झाडाखालून रात्री जाताना आपण सगळे धर्मकीर्तीचे शिष्य असतो.)

सातव्या शतकातला हा वाद त्या मुलीच्या मोबाइलच्या पडद्यावर जसाच्या तसा उभा होता. ग्रेपनं काही दाखवलं नाही. पण दिवा लागलेला होता का?

ग्रेप लिहिणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. ग्रेप जो आकडा मागे ठेवतो त्याचे तीन प्रकार आहेत. शून्य म्हणजे सापडलं. एक म्हणजे शोधलं, पण सापडलं नाही. दोन म्हणजे शोधताच आलं नाही, काही अडचण आली. पाहिलंत? 'नाही' आणि 'पाहता आलं नाही' यांना वेगळे आकडे. कुमारिलांनी मान डोलावली असती.

आणि नुसता आकडा नाही. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला बोलायला दोन तोंडं असतात. एक उत्तराचं, एक तक्रारीचं. पाइपमधून उत्तर पुढं जातं, तक्रार मात्र पडद्यावर माणसासमोर येते, वाफ्यात मिसळत नाही. किती शहाणपणाची व्यवस्था आहे! अडचण आली असती तर ग्रेप तक्रारीच्या तोंडानं बोललाच असता.

मग बोलला का नाही? कारण ग्रुपवर आलेल्या कमांडच्या शेवटी एक शेपूट होतं. दोन, मग मोठेपणाचं चिन्ह, मग डेव्ह-नल नावाच्या विहिरीचा पत्ता. अर्थ असा की तक्रारी काही आल्या तर त्या बुडवून टाक, दाखवू नको. कमांड पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. "लोक इंग्रजी एरर पाहून घाबरतात सर, म्हणून काढून टाकल्या," असं तो मला म्हणाला. घाबरू नयेत म्हणून दिवा विझवला.

मी त्या मुलीला शेपूट काढून पुन्हा चालवायला सांगितलं. लगेच उत्तर आलं: परमिशन डिनाइड. परवानगी नाही. फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये होती, आणि टर्मक्सला त्या फोल्डरमध्ये जायची परवानगी तिनं दिलेलीच नव्हती. ग्रेपनं यादी उघडलीसुद्धा नव्हती. घरात पाऊलही न टाकता "घरात कोणी नाही" असं सांगितल्यासारखं झालं. ग्रेपनं नव्हे, आपण सांगितलं.

परवानगी दिली, पुन्हा चालवलं. या वेळी तक्रार नाही. पडदा पुन्हा कोरा. आकडा पाहिला, एक. म्हणजे शोधलं, पण नाही.

ही गोष्ट इथं सोडून मी जरा आडवळणानं जातो, परत येईन.

या गावाचं नाव घ्या, सुलतानपूर. किती अक्षरं? सु, ल, ता, न, पू, र. सहा. पहिलीतलं पोर सांगेल. हेच नाव डब्ल्यूसी नावाच्या मोजणाऱ्या आज्ञेला द्या. चिन्हं मोज म्हटलं तर ती म्हणते नऊ, कारण उकार, काना आणि ऊकार ही तिच्या हिशेबी स्वतंत्र चिन्हं. बाइट मोज म्हटलं तर सत्तावीस, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. आणि नाव जर एको नावाच्या आज्ञेतून पाठवलंत तर अठ्ठावीस, कारण एको शेवटी न दिसणारी एक नवी ओळ जोडतो. सहा, नऊ, सत्तावीस, अठ्ठावीस. चारही उत्तरं खरी आहेत. यंत्र खोटं बोलत नाही. आपण काय विचारलं ते आपल्याला माहीत नसतं.

अजून एक गंमत. लिनक्समध्ये कॅल म्हणून कॅलेंडर दाखवणारी आज्ञा आहे. तिला १७५२ सालचा सप्टेंबर विचारा. २ तारखेनंतर एकदम १४ येते. एका पोरानं मला हे दाखवून सांगितलं की ॲपमध्ये बिघाड आहे. बिघाड नाही बाबा. ब्रिटननं त्या वर्षी जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं आणि अकरा दिवस गाळले. इथं तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा काळ चालू होता, आपल्या पंचांगातली एकही तिथी गळली नाही. पण सुलतानपुरात बसून मोबाइलला विचारलं तरी तो लंडनचा सप्टेंबर दाखवतो. उत्तराला गाव असतं, हे विसरू नये.

आता त्या मुलीकडं परत. तिच्या वडलांच्या आडनावात ऱ्ह आहे. कऱ्हाडमधला ऱ्ह. आपल्या मराठीची खास खूण, हिंदीवाल्यांना याची गरज पडत नाही. शेतकऱ्यांची, दुसऱ्याचा, तऱ्हा, या सगळ्यांत तो र डोक्यावर न जाता अर्ध्या चंद्रासारखा आडवा होतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत मुळातच वेगळा, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत नेहमीचाच र घेतात, हलन्त देतात, आणि पुढं एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. माणसाच्या डोळ्याला फरक शून्य. ग्रेपला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्याच्या दृष्टीनं एक रावेर आणि दुसरं रामटेक. मुलीचा कीबोर्ड एका रीतीनं लिहीत होता, यादी करणाऱ्याचा दुसऱ्या. शेतकऱ्यांची यादी शोधताना 'शेतकऱ्यांची' हाच शब्द सापडू नये, अशी ही व्यवस्था आहे! त्यात आपल्याकडच्या किती तरी याद्या अजून जुन्या फाँटमध्ये असतात. वर मराठी दिसतं, खाली साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं. त्यात युनिकोड मराठी शोधायचं म्हणजे गव्हाच्या पोत्यात सोयाबीन शोधणं.

म्हणजे दुसऱ्या खेपेला दिवा लागलेला होता, घरात पाऊल टाकलेलं होतं, आणि तरीही अनुपलब्धी योग्य नव्हती. पहिला कोरा पडदा आणि दुसरा कोरा पडदा दिसायला एकच होते. अर्थ निराळे. आणि ज्या तिसऱ्या अर्थावर घरात सगळे दोन दिवस गप्प बसले होते, की नावच नाही, तो दोन्ही वेळा चुकीचा.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. लोणारचा खड्डा सगळ्यांनी पाहिला होता. अनेक वर्षं तो ज्वालामुखीचा मानणारे मोठमोठे लोक होते. १९७३ मध्ये तिथल्या बेसॉल्टमध्ये जबरदस्त आघातानंच होणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केचं म्हणणं पक्कं झालं. खड्डा तोच. तिथं खोलात जाऊन पाहणारा माणूस यावा लागला.

थोडं ॲपच्या भाषेविषयी बोलायला हवं, कारण सगळा दोष वाचणाऱ्यावर टाकणं मास्तरकीचं होईल. उत्तर देणारेही कधी कधी वाईट लिहितात. अँड्रॉइड १२ आल्यावर अनेकांच्या टर्मक्समध्ये चालू काम मध्येच बंद पडायला लागलं आणि पडद्यावर यायचं: प्रोसेस कम्प्लिटेड, सिग्नल नाइन. कम्प्लिटेड, म्हणजे पूर्ण झाली. पोरांना वाटायचं काम झालं. पण सिग्नल नऊ म्हणजे बाहेरून मारलं. त्याला प्रोग्रामला अडवता येत नाही, मरताना दोन शब्द बोलताही येत नाहीत. अँड्रॉइड १२ पासून असा नियम आला की ॲपनं मागे सुरू केलेल्या उपप्रक्रिया सगळ्या मिळून ३२ पेक्षा जास्त झाल्या की सिस्टिम त्या मारायला घेते. मारणारा अँड्रॉइड, मेलेला प्रोग्राम, आणि पंचनाम्यात लिहिलंय 'पूर्ण झाली'. आपल्या मराठीतही 'आटोपलं' म्हणतात. लग्न आटोपलं आणि म्हातारा आटोपला. पण आपण आवाजावरून ओळखतो. काळ्या पडद्याला आवाज नाही. मारणाऱ्याचं नाव त्या ओळीत कुठंच नसतं, हा माझा मुख्य आक्षेप.

तसंच 'अनेबल टू लोकेट पॅकेज'. कित्येक पोरं पायथनचं स्पेलिंग तपासत बसली. स्पेलिंग बरोबर होतं. प्ले स्टोअरवरचं टर्मक्स २०२० नंतर अद्ययावत होणं थांबलं होतं, कारण ॲपनं आपल्याच घरातल्या फायली प्रोग्राम म्हणून चालवण्यावर अँड्रॉइड १० पासून निर्बंध आले. आणि जिथून पॅकेजेस यायची ते बिनट्रे नावाचं कोठार २०२१ मध्ये बंद झालं. चालणारं टर्मक्स एफ-ड्रॉइडवर होतं. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती पुढं बऱ्याच काळानं आली. संदेश शब्दशः खरा: पॅकेज सापडत नाही. पण रिकाम्या गोदामात शोधलं हे त्यानं सांगितलं नाही.

आणि हो, पडदा. जुन्या टर्मिनलची ओळ ऐंशी अक्षरांची, ती रुंदी थेट आयबीएमच्या भोकं पाडलेल्या कार्डांपासून चालत आलेली. मोबाइल उभा धरला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास मावतं. मग रकाने मोडतात, आकडा एका ओळीत आणि त्याचं नाव दुसऱ्या ओळीत. आडवा धरावा तर कीबोर्ड अर्धा पडदा खातो. त्यात आमच्या वेलांट्या-मात्रा, पुष्कळ टर्मिनलांत त्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. व्हॉट्सॲप तर कमांडमधल्या दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक करून तारे लपवतो. पाहून टाइप करणाऱ्याला ते दिसतच नाहीत. ही वाचनाची खरी, भौतिक अडचण आहे, आणि ती दुर्लक्षून "आजकालची पिढी वाचत नाही" असं म्हणणं मला पटत नाही. मी चष्मा बदलला तरी मला ते नीट दिसत नाही.

मध्यंतरी एक पोरगा म्हणाला, "सर, आता वाचायची गरज नाही, एरर कॉपी करायचा आणि एआयला विचारायचं." मी त्याच्या विरोधात नाही. शेजारच्या शहाण्याला विचारावंच. पण माझा त्याला प्रश्न होता, आणि तुम्हालाही आहे: त्या मुलीच्या पडद्यावर कॉपी करायला होतं काय? कोरा पडदा कॉपी कसा करणार? तक्रारीचं तोंड दाबलेलं, आकडा कोणी विचारलेला नाही. कोऱ्या पडद्याविषयी प्रश्न पडायला आधी माणसालाच शंका यावी लागते. तो पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, "पण सर, प्रत्येक वेळी एवढं पाहायचं म्हटलं तर काम कधी होणार?" त्याचंही खरं आहे. प्रत्येक वेळी नाही पाहत कोणी. मीही नाही. मग कधी पाहायचं? माझ्यापुरतं मी ठरवलंय: 'नाही' असं उत्तर दुसऱ्या माणसाला सांगायचं असेल तेव्हा. स्वतःपुरतं चुकलं तर पाचवं प्रकरण जातं. दुसऱ्याला "तुमचं नाव नाही" म्हणून सांगितलं की तो माणूस पुढच्या दारावर जातच नाही.

तर मुलीनं शेवटी काय केलं? आडनावातला ऱ्ह सोडून दिला. वडलांचं पहिलं नाव आणि गावाचं नाव, दोन्ही साध्या अक्षरांचे शब्द, त्यांनी शोधलं. सात ओळी आल्या. सातही तिनं एकेक करून, मोबाइल आडवा धरून, बोटानं सरकवत वाचल्या. पाचवी ओळ वडलांची होती. आडनाव बरोबर होतं, ऱ्हसकट. गट नंबर मात्र चुलत्याचा लागलेला होता, तो दुरुस्त करायला वडील तालुक्याला गेले, आणि त्या कामाला अजून दोन चकरा लागणार आहेत असं परवा ती सांगत होती.

माझं बोलणं झालं. मागच्या बाकावर कोणीतरी हात वर केलाय, माइक तिकडं द्या. आणि आबा, तुमचा एसटीचा प्रश्न राहिलाच असेल तर आधी तुम्ही.